पंखे फिरतात, पडदा काळा

पार्सलची पेटी बाईंच्या हातून निसटली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात. तीन पायऱ्या धडधडत खाली गेली आणि कोपऱ्यावर आदळून थांबली. आजूबाजूला कोणी नव्हतं. बाईंनी पेटी उचलली, कानाशी धरून हलवली. आत काही खुळखुळत नव्हतं. वर येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली, दबलेला कोपरा भिंतीकडे करून. मग त्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या आणि कुणाच्या तरी पँटची उंची कमी करू लागल्या.

बाई घरीच कपडे दुरुस्तीची कामं घेत. त्यांचा नवरा एकतीस वर्षं बस चालवत होता. आता चालवत नसला तरी इमारतीत त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. दीड वर्षापूर्वी भर रस्त्यात स्टीअरिंगवरच त्याची शुद्ध हरपली होती. बस एका भिंतीला घासत जाऊन थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण चौकशी झाली, डॉक्टरांनी मान हलवली आणि लायसन्स गेलं. तेव्हापासून ड्रायव्हर घरात होता. खिडकीत उभा राहून तो खालच्या गाड्यांचे गिअर ऐकायचा. मग लेकीने फोनवर सांगितलं, की संगणकावर ट्रक चालवायचा एक खेळ असतो, हुबेहूब रस्ते, आरसे, इंडिकेटर. पण त्याला दणकट लॅपटॉप लागतो, गेमिंगचा. ड्रायव्हरने महिनाभर चौकशी करून तो मागवला होता.

संध्याकाळी ड्रायव्हर फिरून आला आणि चपला न काढताच पेटीपाशी गेला.

"अगं, आला की! सांगायचंस ना फोन करून!"

"आत्ताच आला," बाई म्हणाल्या. येऊन तीन तास झाले होते.

लॅपटॉप बाहेर निघाला. काळाभोर, पाटासारखा जड. ड्रायव्हरने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. लेकीला फोन लागला.

"बाबा, नव्याची बॅटरी झोपवून पाठवतात. आधी चार्जर लाव, मग बटण दाब."

चार्जर लावल्यावर एक बारीक दिवा लागला. बटण दाबताच कळफलकाखाली रंग चमकले, पंखे घोंघावायला लागले आणि ड्रायव्हर खुर्चीत सरसावून बसला. पडदा मात्र काळाच. अर्ध्या मिनिटाने पंखे थांबले, आपोआप पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले.

"स्टार्टर मारतोय, इंजिन पकडत नाहीये," ड्रायव्हर म्हणाला.

गाडीच्या नोंदवहीत लिहायचा तसं त्याने एका वहीत लिहायला घेतलं. काय केलं, काय झालं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या सांगण्यावरून चार्जर काढून चाळीस सेकंद बटण दाबून धरलं. प्लग बदलला. पडद्यावर टॉर्च मारून आत पुसटसं काही दिसतंय का ते पाहिलं. केबल टाकून टीव्हीला जोडून पाहिलं. प्रत्येक वेळी पंखे फिरायचे आणि पडदा काळा. बाई सुईत दोरा ओवत सगळं पाहत होत्या. सांगून टाकावं असं त्यांच्या दर वेळी ओठावर यायचं, आणि दर वेळी त्या मूग गिळून गप्प बसायच्या. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर साधी गोष्ट होती. आता दिवसागणिक ती जड होत चालली होती.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर लॅपटॉप परत पाठवायचा म्हणून पेटी शोधायला गेला आणि कोपरा त्याच्या हाती लागला.

"हे बघ! चेपलाय. आदळलाय वाटेत कुठेतरी. पार्सलवाल्याने फेकला असणार."

"जाऊ द्या हो."

"जाऊ कसं द्या? आपण भांडं घेतानाही वाजवून घेतो."

त्याने तिथल्या तिथे पार्सल कंपनीकडे तक्रार नोंदवली. कोपऱ्याचा फोटोही पाठवला. रात्री बाई जेवल्या नाहीत, पोटाचं कारण सांगितलं.

फोन आला तो पाचव्या दिवशी सकाळी, बाईंच्या मोबाइलवर, कारण पेटी घेताना सही त्यांची होती. पलीकडे एक शांत आवाजाची मुलगी होती. ड्रायव्हर समोरच वही घेऊन बसलेला. तो म्हणाला, "स्पीकरवर लाव."

"मॅडम, तुमची तक्रार आलीय. आमच्या माणसाचं म्हणणं आहे की पेटी चांगली होती. चौकशी होईपर्यंत आम्ही त्याला कामावरून थांबवलंय. तुम्ही पेटी घेतली तेव्हा कोपरा कसा होता?"

बाईंना तो माणूस आठवला. लिफ्ट बंद होती. वर आणून देऊ का असं त्याने विचारलं होतं, आणि त्यांनीच नको म्हटलं होतं, त्याच्या गाडीत अजून ढीगभर पेट्या होत्या म्हणून.

"चांगला होता," बाई म्हणाल्या. "पेटी माझ्या हातून पडली. जिन्यात. त्याची काही चूक नाही. त्याला आजच कामावर घ्या."

"नक्की ना मॅडम?"

"मी पाडली म्हणतेय ना! तुम्हाला लिहून देऊ?"

फोन बंद झाला. ड्रायव्हरने वही मिटली. त्याच्याही वेळी चौकशी अशीच सुरू झाली होती, आणि ती संपेपर्यंत तोही असाच घरी बसला होता.

"पाच दिवस," तो म्हणाला. "पाच दिवस मी टॉर्च मारत बसलोय."

"हो."

"मी काय खाल्लं असतं तुला?"

"रागाची भीती नव्हती." बाईंनी मांडीवरचा कपडा बाजूला ठेवला. "सुरू होत नाही ते बरंच वाटायला लागलं मला. तुम्ही परत स्टीअरिंगवर. खोटं का होईना. भिंतीला घासलेली बस मी पाहिली नव्हती, पण तुम्ही झोपलात की रोज दिसते."

ड्रायव्हर उठून खिडकीशी गेला. तिथून, बाईंकडे पाठ करूनच म्हणाला, "अगं, त्या खेळात मागे माणसं बसलेली नसतात. म्हणून तर घेतला."

दुपारी दोघं लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. अर्जात एक रकाना होता, वस्तू पडली आहे का. ड्रायव्हरने 'हो' लिहिलं आणि पुढे 'तीन पायऱ्या' असंही लिहिलं. काउंटरवरची दुरुस्तीवाली ते वाचून हसली.

"काका, पहिल्यांदाच कोणीतरी खरं लिहिलंय. बाकी सगळ्यांचे लॅपटॉप आपोआप फुटतात."

"आता वॉरंटी गेली का?"

"आत काय मोडलंय ते बघू. मग सांगते."

तिने पाठीमागचे स्क्रू काढून एका चुंबकाच्या ताटलीत ठेवले. झाकण उचललं आणि चिमट्याने एक हिरवी पट्टी दाखवली. तिचं एक टोक खाचेतून किंचित वर आलं होतं.

"ही रॅम. मेमरीची पट्टी. धक्क्याने सुटलीय. ही जागेवर नसली की यंत्राला काही सुचत नाही. पंखे फिरवतं, बंद होतं, परत फिरवतं."

"प्लगची वायर सैल झाली तर इंजिन असंच करतं," ड्रायव्हर म्हणाला.

"तसंच समजा."

तिने पट्टी काढली, खाच हलक्या ब्रशने झाडली, पट्टी तिरकी आत सरकवून दाबली. टक् असा आवाज झाला. बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. बाईंनी पदर मुठीत धरला. "पहिल्यांदा वेळ घेतं, काकू," दुरुस्तीवाली म्हणाली. तिघंही त्या काळ्या काचेकडे पाहत राहिली. मिनिटभराने कंपनीचं चिन्ह उमटलं. बिजागरीपाशी एक चीर होती, तीही तिने दाखवली. ती वॉरंटीत बसणार नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, राहू दे, चालेल.

घरी आल्यावर लेकीने फोनवर सांगून खेळ डाउनलोड करून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरने ट्रक डेपोतून बाहेर काढला. आरसे पाहिले, इंडिकेटर दिला, सगळं नियमाला धरून. दहा मिनिटं झाली असतील. तो अचानक उठला, भिंत धरत पलंगाशी गेला आणि आडवा झाला. चेहरा पांढराफटक.

बाईंची मशीन थांबली. त्या धावत आल्या. "अहो! काय होतंय? डॉक्टरांना बोलावू?"

"नको." त्याने डोळे मिटून घेतले. "मळमळतंय."

"म्हणजे?"

"गाडी लागली मला."

बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. एकतीस वर्षांत ज्या माणसाने घाटातल्या वळणांवर हजारो लोकांना पिशव्या दिल्या होत्या, त्याला टेबलाशी बसून गाडी लागली होती. ड्रायव्हर आधी रागावला, मग तोही पडल्या पडल्या हसायला लागला, आणि हसल्यावर आणखी मळमळलं म्हणून पुन्हा गप्प झाला.

लेकीने खेळातली काही सेटिंग बदलायला सांगितली, खिडकी उघडी ठेवायला सांगितली. आठवड्याभरात वीस मिनिटं जमू लागली, महिन्याने तासभर. बाई त्याच खोलीत मशीन चालवतात. ट्रक वळणावर जोरात गेला की त्या मान वर न करता "हळू" म्हणतात, आणि तो खरंच वेग कमी करतो.