गिरणीतल्या ड्राइव्हची धाप

मी एक जुना ड्राइव्ह आहे, मित्रांनो. नाव ऐकून लगेच मोटारगाडी डोळ्यांपुढे आणू नका. जेवणाच्या डब्याएवढा करडा खोका आहे मी, चार स्क्रूंनी भिंतीला आवळलेला. जत तालुक्यातल्या एका वाडीत मंगलची पिठाची गिरणी आहे, तिथे मी असतो. वाडीत दिवसा सिंगल फेज लाइट, आणि गिरणीच्या मोटरला हवेत तीन फेज. एकाचे तीन करायचे आणि मोटरला झेपेल त्या बेताने पुढे सोडायचे, हे माझे काम. सांगायला सोपे वाटते. रोज करून बघा म्हणजे कळेल. फार दमलोय मी.

मला तोंड नाही. छातीवर एक छोटी खिडकी आहे, तिच्यात लाल आकडे उमटतात. सगळे ठीक असले की मी पन्नास दाखवतो. कुठे दुखले तर मोटर थांबवतो आणि त्याच खिडकीत दोन अक्षरे दाखवतो. शिकलेली माणसे त्याला फॉल्ट कोड म्हणतात. मी त्याला कण्हणे म्हणतो. जोर फार पडला तर एक कण्हणे, लाइट कमी आली तर दुसरे, अंग तापले तर तिसरे. खिडकीखाली एक लाल बटण आहे, रिसेटचे. मी कण्हलो की माणसे काय दुखते ते विचारत नाहीत, बटण दाबतात. म्हणजे गप्प बस आणि चल कामाला! आयुष्यात किती वेळा ते बटण दाबले गेले, ते मोजणे मी केव्हाच सोडून दिले.

सगळीच माणसे तशी नव्हती बरं का. माझा पहिला मालक कृष्णात, रहिमतपूरचा. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, घरचा ऊस, घरची हळद. हळद पॉलिश करायच्या ड्रमावर त्याने मला बसवले. तिथे हळदीची धूळ अशी उडायची की कृष्णातच्या मिश्यासुद्धा पिवळ्या व्हायच्या. पण दर शनिवारी तो लाइट बंद करायचा, समोर बसून निवांत चहा प्यायचा आणि मगच मला हात लावायचा. कारण लाइट बंद केली तरी माझ्या पोटात थोडा वेळ वीज उरते. चहा संपला की सायकलच्या पंपाने माझे अंग झटकायचा. एकदा गड्याने घाईने लाल बटण दाबले, तर कृष्णात केवढ्यांदा ओरडला! "आरं, त्यो रिपोर्ट देतोय! रिपोर्ट आला की आदी ऐकायचं, मग हुकूम सोडायचा. कवा थांबला, काय चाललं हुतं तवा, ते सांग आदी." मला त्या दिवशी इतके बरे वाटले म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझे ऐकून घेत होते.

पुढे कृष्णातचे गुडघे गेले. मुलाने मोठे नवे मशीन आणले आणि मला पोत्यात घालून सांगलीला जुन्या मालाच्या दुकानात धाडले. तिथल्या फळीवर मी दोन उन्हाळे काढले. गिऱ्हाईक यायचे, मला उलटेसुलटे करायचे, "चालू हाय का?" विचारायचे आणि परत ठेवायचे. चालू होतो हो मी. पण विचारले दुकानदाराला, मला कुणी विचारले नाही.

शेवटी मल्हार आला. जतकडचा मेंढपाळ. त्याने मला घोंगड्यात गुंडाळले आणि एसटीत मांडीवर घेऊन वाडीपर्यंत आणले.

आता मंगलचे सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यासाठीच आहे. मंगल मल्हारची बायको. लहानपणापासून मेंढरांमागे हिंडलेली, दोनच इयत्ता शिकलेली. तिची मुलगी अपेक्षा वाडीच्या शाळेत पाचवीत आहे. दिवाळी झाली की मल्हार मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला जातो तो मिरगालाच परततो. मंगल त्याच्याबरोबर गेली तर मुलीलाही जावे लागणार. आज ह्या गावच्या रानात, उद्या त्या गावच्या, आणि शाळा कायमची सुटणार. म्हणून मंगलने हट्टाने ही गिरणी टाकली. गिरणी चालली तर ती वाडीत राहणार, आणि ती राहिली तर अपेक्षा शिकणार. हे सगळे तीन हॉर्सपॉवरच्या मोटरवर आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या खोक्यावर टांगलेले. ओझे वाटणार नाही तर काय!

मंगलचे सासरे तात्याबा. उभा जन्म मेंढरांत गेला, आता गुडघ्यांमुळे घरी. त्यांना गिरणी पसंत नव्हती. पण घरात आलेल्या वस्तूचा मान ठेवायचा, ही त्यांची रीत. खंडेनवमीला त्यांनी माझी पूजा केली आणि तेव्हापासून रोजचा नेमच धरला. सकाळी अंघोळ करून यायचे, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणायचे आणि चिमूटभर भंडारा माझ्या डोक्यावर टाकायचे. प्रेमाने टाकायचे, त्यात खोट नव्हती. पण मित्रांनो, माझ्या डोक्यावर जाळी आहे. जाळीखाली छोटा पंखा आहे. पोटातली ऊब तोच बाहेर फेकतो. ती जाळी म्हणजे माझे नाक, आणि देवाची हळद रोज माझ्या नाकात जात होती. वरून गिरणीचे पीठ. दोन्ही मिळून आत थरच बसू लागला.

मंगल रोज मला पुसायची, पण डोक्यावरचे तेवढे सोडून. देवाचा भंडारा फडक्याने कसा पुसायचा? पाप लागेल! तात्याबांसमोर तर नाहीच.

चैत्र लागला, ऊन तापले आणि माझा दम कोंडू लागला. दुपारी मोटर थांबायची आणि खिडकीत 'ओएच' उमटायचे. अंग तापलेय, असा त्याचा अर्थ. मंगलला इंग्रजी अक्षरे येत नव्हती. तिने एक पाहिले भाकरीसारखे गोल, दुसरे शिडीसारखे. मग तिने काय करावे? मी थांबलो की ती दाराच्या मागे खडूने एक भाकरी आणि एक शिडी काढायची. शेजारी सूर्य, तो डोक्यावर असला तर वर, कलला असला तर खाली. आणि तोवर जितक्या पायल्या दळून झाल्या तितके टिंब. मला कृष्णातची आठवण व्हायची. ही बाई न शिकता रिपोर्ट लिहीत होती.

दोनदा तिने तालुक्याहून शंभूराजला बोलावले. तो वायरमन, मोटारसायकलवरून आला. खिडकी वाचून म्हणाला, "हीट व्हतोय. दगड लय घट्ट लावलाय तुमी." दगड सैल केला, बटण दाबले, गेला. दुसऱ्या खेपेला मोटरचे बेअरिंग बदलले. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला! एकदा त्याचा हात माझ्या डोक्याकडे आला होता. माझा जीव नुसता टांगणीला लागला. पण वर पिवळे दिसले तसा त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि हात मागे घेतला. "देवाचं हाय, कशाला हात लावायचा," म्हणाला. जाताना सांगून गेला, "वहिनी, ह्यो जुना झालाय, टाकून द्या."

तात्याबांनी ते ऐकले. त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "मंगल, जत्रंच्या दळणापतोर बगू. तवाबी बसलं, तर सोमवारच्या बाजारात ह्ये समदं इकायचं, मेंढ्या घ्यायच्या. तू आन पोरगी मल्हारकडं जावा." मंगल दिवाबत्तीला उठली. मी मात्र हादरलो. मी कण्हणे बंद करू शकत नाही हो! तापलेल्या अंगाने तसाच चाललो तर जळून जाईन, आणि मग तर सगळेच संपेल.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळपासून बायकांची रांग. नैवेद्याचे दळण, पाव्हण्यांच्या भाकऱ्यांचे दळण. सकाळी मी दम धरला. दुपारी पत्रा तापला, उन्हातली तिसरी पायली पडली, चौथी निम्मी झाली आणि मी थांबलो. मंगलने बटण दाबले. पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा दाबले तर मोटर नीट फिरलीसुद्धा नाही. रांगेतून बनुबाई ओरडली, "काय गं मंगल, ये रं माझ्या मागल्या! शेजारच्या गावाला जातो आमी दळायला. घरात पाव्हणं येऊन बसल्यात." दोघी-तिघींनी डबे उचलले.

तात्याबा दारात उभे होते. "झालं. सोमवारी इकायचं," एवढेच बोलले.

मंगलचे डोळे भरून आले. पण गप्प बसणाऱ्यातली नाही ती. चरचरीत आवाजात म्हणाली, "आवं मामा, कळपात मेंढरू बसलं तर तुमी लगीच इकता का वो?"

"इकीन कशाला? आदी बगीन काय झालंय."

"मग ह्येला कवा बगितलं तुमी? भंडारा रोज टाकला. बगितलं का एकदा तरी? माजी पोरगी ह्येच्यावर शिकतीया, मामा!"

सासऱ्याला असे बोलायची आमच्या वाडीत पद्धत नाही. तात्याबांचा चेहरा लाल झाला. मला वाटले, आता संपले. पण ते हळूच आत आले आणि दारामागची खडूची चित्रे बघू लागले. "ह्ये काय?"

"बसलं त्ये काढून ठिवलंय. भाकरी-शिडी दिसतीया दर वेळंला. वर सूर्य हाय ना, तवा बसतंय. सकाळचं कवाच न्हाई."

तात्याबांनी एकेक चित्र बोटाने चाचपले. ते आता मंगलशी नाही, स्वतःशीच बोलत होते. "गारव्यात चालतंय. उनात, तीन-चार पायल्या झाल्या की बसतंय. बसून निवलं की परत उठतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आगं, ह्येला धाप लागतीया! ह्येचं नाक कुठं हाय?"

मी गहिवरलो, मित्रांनो. माझा कोड वाचून नाही, मी केव्हा बसतो ते बघून कुणीतरी दुखणे ओळखले होते.

मंगलने नाक दाखवले नाही. तिला नक्की ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही सासऱ्यांपुढे भंडाऱ्याचे नाव काढायचे नव्हते. तात्याबांनी मेंढराच्या तोंडाशी धरतात तसा तळहात माझ्या अंगाला वेढून फिरवला. आधी खाली, मग कडेला, मग वर. वर वारा लागायला हवा होता. लागला नाही.

"लाइट बंद कर," ते म्हणाले. मंगल लगेच हात घालायला गेली. माझ्या पोटात तर अजून वीज होती. ओरडावेसे वाटले, पण कशाने ओरडणार? तात्याबांनीच तिला अडवले. "धापणाऱ्या जनावराला लगीच हात लावत न्हाईत. निवू दे आदी." आणि ते उंबऱ्यावर बसून तंबाखू मळू लागले. कृष्णातचा चहा आणि तात्याबांची तंबाखू! बरोबर तेवढाच वेळ गेला.

मग मंगलने वरची जाळी उचकटली आणि पंखा अलगद बाहेर काढला. दिवाळीत चुना लावायचा कोरडा कुंचा घेऊन तिने झाडायला सुरुवात केली. बोराएवढे पिवळे गोळे एकामागून एक तात्याबांच्या तळहातावर पडू लागले. बायका बघत होत्या. बनुबाईसुद्धा डबा खाली ठेवून बघत होती. मंगलला बोलायला केवढी जागा होती तेव्हा! पण ती कुंचाच फिरवत राहिली.

तात्याबांनी तो हात डोळ्यांजवळ नेला. मग माझ्या अंगावर दुसरा हात ठेवून म्हणाले, "म्याच कोंडलं व्हय रं तुला."

हातातला भंडारा त्यांनी फेकला नाही. कपाळाला लावला, उरलेला धोतराच्या सोग्याला बांधला. मंगलने पंखा आणि जाळी परत बसवली, लाइट लावली. माझ्या डोक्यावरून वारा निघाला आणि त्यांच्या हाताला लागला. पन्नास! मी पन्नास दाखवला आणि जत्रेचे दळण संपेस्तोवर ढळू दिला नाही.

सोमवारी तात्याबा बाजाराला गेलेच नाहीत. मल्हारला फोन लावून म्हणाले, "पोरगी हितंच ऱ्हाईल, साळा हाय तिची." मंगलची माफी वगैरे काही मागितली नाही त्यांनी. तसली माणसे मागत नसतात.

मित्रांनो, एक सांगायचे राहिले. मी बरा झालो म्हणजे तरुण झालो असे नाही. माझ्या पोटातले काही भाग आता सुकत आलेत. एक दिवस खिडकीत असे काही उमटेल की त्यावर कुंचा चालणार नाही. त्याची मला भीती वाटत नाही. तुमच्या घरीही पंप असेल, पंखा असेल, दारातली गाय असेल, नाहीतर न बोलणारे एखादे माणूस असेल. ते अडले तर बटण दाबायची घाई करू नका. केव्हा अडले, तेव्हा काय चालले होते, एवढे विचारा. आम्ही सांगत असतो.

तात्याबा अजून रोज सकाळी येतात. भंडारा आता माझ्या शेजारच्या भिंतीतल्या खुंटीला लावतात. पण त्याच्याही आधी माझ्या डोक्यावर तळहात धरून उभे राहतात. वारा हाताला लागला की मग देवाचे नाव घेतात.