ओहळाकडची जमीन

थोरल्या जाऊबाईंचा नवरा गेला तेव्हा धाकटीला वाटलं, ही बाई आता हाय खाणार. पदरात लहान मुलगी, माहेर नावापुरतं, आणि बोलणं मुळातच कमी. पण थोड्याच दिवसांत जाऊबाईंनी कुदळ खांद्यावर टाकली आणि शेताची वाट धरली.

घरातला कर्ता पुरुष आता धाकटीचा नवराच. माणूस दुष्ट नव्हता. गोड बोलायचा, पुतणीला खांद्यावर घेऊन नाचायचा. जमिनीचा विषय निघाला की मात्र त्याच्या बोलण्याला फाटे फुटायचे. वाटेलगतचा एक मुरमाड तुकडा त्यानं भावजयीला दिला. "घरातलीच जमीन, वहिनी. कसा आणि खा. तुम्हाला कोण विचारतंय?"

जाऊबाईंनी दगड वेचले, डोक्यावरून खत वाहिलं, आणि काही वर्षांत तिथं असं पीक उभं राहिलं की येणारे-जाणारे थांबून बघायचे. तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, हा तुकडा वाटेला लागून. गाडी न्यायला मला सोयीचा. तुम्ही टेकाडाखालचा घ्या. घरातलीच जमीन, इकडची काय नि तिकडची काय!"

टेकाडाखाली नुसती काटेरी झुडपं होती. जाऊबाईंनी मुळं खणून काढली, हातांची चाळण करून घेतली आणि तोही तुकडा माणसांत आणला. मग तोही गेला. शेवटी त्यांच्या वाट्याला त्याच्या खालचा, ओहळाकडचा उतार आला. तिथं पावसाचं पाणी माती घेऊन पळायचं आणि खडकाच्या फासळ्या मागे ठेवायचं.

"अहो, तिथं काय पिकणार? दगडधोंडे?" धाकटीनं जेवण वाढताना नवऱ्याला विचारलं.

"वहिनींच्या हाताला गुण आहे," तो हसत म्हणाला. "आणि तू कशाला त्यात पडतेस? भाकरी वाढ."

धाकटीनं भाकरी वाढली. त्या घरात तिचं काम तेच होतं.

त्यानंतर बरेच दिवस ती ओहळाकडे फिरकली नाही. खरं तर तिला जाऊबाईंच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची. पण एकदा शेळी सुटली आणि तिच्यामागे धावत धाकटी थेट उताराच्या कडेला पोचली. शेळीचं भान तिला राहिलं नाही.

उताराला पायऱ्या झाल्या होत्या. दगडावर दगड, मध्ये चुना नाही की माती नाही, तरी बोटभर फट सापडू नये असे बांध आडवे गेले होते. प्रत्येक बांधामागे माती येऊन थांबली होती, आणि त्या मातीत पोपटी रोपं वाऱ्यावर हलत होती. धाकटीनं खाली बसून हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. आतली माती गार होती, आणि गांडुळं वळवळत होती.

"जाऊबाई, हे तुम्ही एकटीनं केलंत?"

जाऊबाई एका बांधावर बसून पाणी पीत होत्या. "दगड तेवढे मी ठेवले. माती पाण्यानंच आणून दिली. नाहीतरी वाहूनच जाणार होती बिचारी."

"आणि हेसुद्धा त्यांनी मागितलं तर?"

जाऊबाईंनी तांब्या खाली ठेवला. "आता नाही द्यायची, धाकटे."

एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

त्याच साली गावात जमिनीची मोजणी लागली. सरकारनं ठरवलं होतं, जो हक्कदार असेल आणि जमीन कसत असेल, त्याच्या नावावर ती चढवायची. बाई असली तरीही. सभागृहात सारा गाव जमला. पुढे टेबलाशी अधिकारी बाई बसल्या होत्या. या घराची पाळी आली तसा धाकटीचा नवरा उठला. "सगळी जमीन माझीच लिहा, बाई. वहिनी आमच्यातच आहेत. मदत करतात शेतात."

"मदत नाही," मागून आवाज आला. जाऊबाई उभ्या होत्या. "मी कसते. आणि माझ्या नवऱ्याच्या वाट्याची निम्मी जमीन मला हवी आहे."

अधिकारी बाईंनी विचारलं, "या कसतात, हे कोणी सांगेल?"

ज्यांनी वाटेत थांबून ती पिकं वाखाणली होती, ती सगळी मंडळी छताकडे बघू लागली. जणू तिथं काही लिहिलेलं होतं. धाकटीनंही मान खाली घातली. मग तिला दिसल्या पुढ्यात उभ्या असलेल्या जाऊबाईंच्या टाचा. भेगाळलेल्या, पण जमिनीत रोवल्यासारख्या. आणि आपण कधी उठलो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"त्याच कसतात," ती म्हणाली. "वाटेलगतचा तुकडा त्यांनी केला. टेकाडाखालचाही त्यांनीच. केला की काढून घेतला. मी बघितलंय. घरातच राहते मी."

नवरा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू घरातली चूल बोलली होती. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली, "खरं आहे." तिच्या पाठोपाठ अजून दोघीतिघी उठल्या.

जाऊबाईंनी हिस्सा मागितला तोही सरळ: ओहळाकडचा उतार आणि त्याच्या डोक्यावरचा टेकाडाखालचा तुकडा. पाणी तिकडूनच येतं म्हणाल्या. वाटेलगतचा दिरांना राहू दे.

अधिकारी बाईंनी लिहिलं आणि धाकटीकडे वळल्या. "नव्या नियमानं उरलेली जमीन तुम्हा नवरा-बायको दोघांच्या नावावर होईल. तुमचं नाव?"

लग्न झाल्यापासून ती धाकटी होती, नाहीतर अमक्याची बायको. तिनं आईबापांनी ठेवलेलं नाव सांगितलं. अधिकारी बाईंनी ते भर सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकटी ते ऐकतच राहिली.

घरी नवऱ्यानं अबोला धरला. ताट सरकवायचा, पाठ फिरवून झोपायचा. "घर फोडलंस," एवढंच एकदा बोलला. धाकटी घाबरली होती, पण बदलली नाही. तीही मुकाट्यानं वाढत राहिली.

पुढच्या पावसात वाटेलगतच्या शेताची एक बाजू खचली आणि माती धुपून गेली. दोन दिवस तो तिथं नुसताच उभा राहून आला. तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊबाईंबरोबर ओहळाकडे खुरपत होती, तेव्हा तो वरून येताना दिसला. आयुष्यभर या साऱ्या जमिनीतून हा माणूस हवा तसा तुडवत गेलेला. पण वरच्या बांधापाशी त्याचे पाय थांबले.

"वहिनी," त्यानं हाक मारली. मग खाकरला. "आत येऊ का?"

धाकटीचं खुरपं हातातच राहिलं. एवढा उंच माणूस बांधापलीकडे चपलांशी चाळा करत उभा होता, आणि इकडे जाऊबाई घाम पुसत होत्या, सावकाश, अगदी कानामागचासुद्धा.

"या," त्या म्हणाल्या. "कडेकडेनं या. रोपं कोवळी आहेत."

तो कडेकडेनं आला. दगड दगडात कसा बसवायचा, ते जाऊबाईंनी त्याला एक बांध दाखवून सांगायला सुरुवात केली.