एमिएबल म्हणजे मनमिळाऊ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शिवण सैल झाली आहे, शेवटची दोन पानं गळाली आहेत, पण अर्थ विचारा, अजून खणखणीत सांगेन. माझी पानं दोऱ्याने शिवणारे बाइंडरकाका म्हणाले होते, "हा काही शंभर वर्षं उसवत नाही!" काकांचा अंदाज जरा चुकला, एवढंच.

मी आलो घड्याळांच्या कारखान्यात, पत्रव्यवहार विभागात. तिथल्या ताई गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहीत. भांडायला उठलेला माणूस त्यांचं पत्र वाचून निवळे आणि पुन्हा आमचंच घड्याळ घेई. ताईंनी मला खाकी कव्हर घातलं, ओल्या हाताने कधी शिवलं नाही. विभागप्रमुखांना सगळे दादा म्हणत. त्यांचीही निम्मी पत्रं ताईच लिहीत, सही मात्र दादांची. "जाऊ दे, घरच्यासारखे आहेत," ताई म्हणत.

मग मुख्य कचेरीत वरची जागा निघाली. बारा वर्षं ताई तिची वाट पाहत होत्या. शिफारस दादांनी लिहायची होती. शिफारशींची तिथे एक रीत होती. ज्याला वर न्यायचं त्याचं काम लिहायचं. ज्याला न्यायचं नाही त्याचा नुसता स्वभाव लिहायचा. दादांना ही रीत पाठ होती, ताईंच्या गावीही नव्हती.

दादांनी मला उघडलं. "ही गेली तर माझी पत्रं कोण लिहिणार?" असं पुटपुटत त्यांनी पानं चाळली आणि 'एमिएबल'वर बोट ठेवलं. मनमिळाऊ, प्रेमळ, सर्वांशी गोडीने वागणारा. शिफारशीत त्यांनी तेवढंच लिहिलं.

ताईंनी प्रत वाचली. शब्द ठाऊक असूनही माझ्यात पुन्हा पाहिला आणि हरखून गेल्या.

महिन्याभराने उत्तर आलं. 'स्वभाव उत्तम. कामाविषयी उल्लेख नाही. निवड झालेली नाही.'

ताईंनी मला उचलून दादांच्या टेबलावर ठेवलं. "दादा, एवढ्या जाडजूड पुस्तकात माझ्या कामासाठी एक शब्द सापडला नाही तुम्हाला?"

"अगं, मी काय वाईट लिहिलंय? बघ की अर्थ!" दादा हसून माझ्याकडेच बोट दाखवू लागले.

मित्रांनो, माझा जीव जळला. दादांनी केसाने गळा कापला होता, आणि साक्षीला मला उभं केलं होतं.

ताई भांडल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं आणि माझ्या समासात लिहिलं, 'वापर: जिच्याकडून काम करून घ्यायचं, पण जिला पुढे जाऊ द्यायचं नाही, तिच्यासाठी.' मग मला कपाटात ठेवलं. त्यानंतर त्यांनी मला उघडलं नाही.

आता माझ्यावर धूळ आहे, वाळवीही लागली आहे. मित्रांनो, पुस्तकं जपा, त्यांना ऊन दाखवा. पण त्याआधी, ज्याने तुमच्यासाठी राबून काम केलं त्याचं काम नाव घेऊन सांगा. गोड शब्दावर त्याची बोळवण करू नका. मी अर्थ खरा सांगितला होता. तरी ताईंची ती ओळ खोटी आहे, असं मला म्हणता येत नाही.