नवारीचा नमुना

पवनीच्या कोष्टीपुऱ्यात सेवकरामच्या हाताला तोड नव्हती आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं, हीच मोठी पंचाईत. नमुना विणायचा, व्यापाऱ्याकडे धाडायचा आणि गप्प बसायचं. पसंतीचा निरोप आला तरच पुढचा माल मागावर चढवायचा. सोबत चिठ्ठी नाही की मागून विचारणा नाही. ‘कसा वाटला?’ असं आपण होऊन विचारणं म्हणजे त्याच्या लेखी काम मागायला हात पसरणं. बाप असाच वागला होता, आजाही. या ताठ्याने चाळीस वर्षांत त्याचं काही बिघडलं नव्हतं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात सगळी फौज सीमेवर जाऊन उभी राहिली आणि सेवकरामचा एकुलता एक मुलगा अंकुशही तिकडे गेला. दहावी झाल्या झाल्या तो फौजेत मेकॅनिक म्हणून लागला होता, त्यामुळे मागावर असा तो कधी बसलाच नव्हता. फेब्रुवारीत त्याचं लांबलचक पत्र आलं. आमच्या गाडीला चाकं नाहीत, लोखंडी पट्टे आहेत, असं त्याने लिहिलं होतं. वरून पोलाद जाड, पण पोट पातळ. इथे वाळूत जागोजाग सुरुंग पेरलेत. खाली सुरुंग फुटला की गाडीचा तळ वर उसळतो, आणि बाकडी तळालाच बोल्टने जखडलेली, म्हणून धक्का टाचांतून थेट कण्यात शिरतो. बैठक छताला टांगली, पायही तळाला टेकू दिले नाहीत, तर माणूस वाचू शकतो. वर्कशॉपच्या सुभेदारसाहेबांनी करून बघायला परवानगी दिली आहे. खाटेसाठी बाजारात मिळते ती नवार उसवते. बाबूजी, तुमच्या हातची पाहिजे, मागे बसणाऱ्या सात माणसांपुरती.

सेवकराम दुसऱ्याच दिवशी वैनगंगेच्या घाटावर गेला आणि ढिवरांकडून जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन आला. तीन पदर पिळून त्याने चार बोटं रुंद नवार विणली. त्या दोऱ्याने बोटं चिरली, पण गडी हटला नाही. एका माणसाची बैठक तयार झाल्यावर त्याने ती अंगणातल्या कडुनिंबाला टांगली, आत धानाची दोन पोती ठेवली, आणि एवढ्याने समाधान होईना म्हणून स्वतः बसून उड्या मारल्या. त्याची बायको कुसुमताई पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. पार्सल टपालात पडलं आणि सेवकराम सवयीप्रमाणे पसंतीची वाट बघत बसला.

महिन्याने अंकुशचं कार्ड आलं. चार ओळी. पार्सल मिळालं, तब्येत ठीक आहे, इकडे ऊन फार, आईला नमस्कार. सेवकरामने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मिळालं म्हणतो, पसंत पडलं असं काही म्हणत नाही. बापाच्या हाताला नावं ठेवायची नाहीत म्हणून गप्प बसला असेल, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो मनातून खट्टू झाला. त्याने रिकाम्या मागावर धोतरांचा ताणा चढवला.

कुसुमताईने बाकीच्या सहा बैठकांचं विचारलं. पसंती आल्याशिवाय मी हात लावत नसतो, असं त्याने तिला ऐकवलं.

"अवो, पोरगा हाये तो आपला, शेठ नाही," ती म्हणाली.

तो धोतरच विणत राहिला. तो मूर्ख नव्हता आणि मुलावर त्याचा जीव नव्हता असंही नाही. पण रीत माणसाच्या अंगात मुरली की ती कुठे सोडायची हे कळत नाही.

मे महिन्यात तार आली. वाऱ्याने वाळू सरकली होती आणि आपल्याच लोकांनी पेरलेला सुरुंग जागा सोडून वाटेवर आला होता. गाडी त्यावरून गेली. अंकुश मागे बाकड्यावर बसला होता. त्याचा कणा तुटला, आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने प्राण सोडला. तिरंग्यात गुंडाळून त्याला घरी आणलं, घाटावर सारं गाव लोटलं. सेवकराम त्या दिवशी रडला नाही. त्याला रडूच येईना.

जूनमध्ये भूपेंद्र आला. हा लाखनीचा, अंकुशच्याच गाडीतला, दारातून वाकून यावं लागेल असा धिप्पाड गडी. तो चालत आला होता, धडधाकट होता. कुसुमताई त्याच्या पायांकडेच बघत राहिली.

अंकुशने ती बैठक मलाच दिली होती, असं त्याने सांगितलं. सर्वांत जड माणूस पेलला तर बाकी सगळे पेलतील, असा त्याचा हिशेब. त्या दिवशी गाडीत मागे सात जण होते. अंकुश धरून दोघे गेले, चौघांच्या टाचा आणि कणे गेले. भूपेंद्रचे आठ दिवस कान वाजत राहिले, बाकी काही नाही.

"तुमच्या नवारीनं वाचलो, काकाजी," तो म्हणाला. "अंकुश रोज टपालाच्या गाडीकडे जाये. म्हणे, बाबूजी एकएक करून पाठवून राहिले, आज ना उद्या दुसरी येईन."

मग त्याने पायाशी ठेवलेली रिकामी किटबॅग पुढे ओढली आणि तिची चेन उघडली. सुभेदारसाहेबांनी बाकीच्या बैठका न्यायला सांगितल्या होत्या. दुसऱ्या गाडीतले लोक अजून बाकड्यांवरच बसत होते.

"किती झाल्या होत्या?" त्याने विचारलं.

दोन महिने विणत होतो, दोरा संपला, असं काहीही सांगता आलं असतं. सेवकरामने बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती. ती काही बोलणार नव्हती, आज नाही आणि पुढेही कधी नाही, हे त्याला कळलं.

"एकच," तो म्हणाला. "दुसरी मी मागावर लावलीच नाही, बापू. त्यानं चांगली हाये म्हणावं, याची वाट पाहून राहिलो होतो."