नवशिक्याची धोकटी

मंगळवारी सकाळी दहाला कुरानिशीसान नेहमीसारखे तोकुएच्या न्हावीदुकानात आले, पण खुर्चीत बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "तोकुएसान, मला एक धोकटी भरून द्या. नवशिक्याला लागते तशी. दाढी आता घरीच करीन म्हणतो."

तोकुएच्या हातात गरम टॉवेल होता. तो तिने परत वाफेच्या पेटीत ठेवला. एकतीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या गालाला पातं लावलं नव्हतं. टपाल वाटत होते तेव्हा नाही, बायको गेली त्या आठवड्यातही नाही. मागच्या मंगळवारी मात्र तोकुएचा उजवा हात थरथरला आणि त्यांच्या कानाखाली रक्ताचा थेंब आला. तिने तुरटी फिरवली आणि त्यांच्या जर्दाळूच्या झाडाला यंदा फळ कसं धरलंय ते विचारलं; त्यांनीही फळांचंच सांगितलं. दोघांनी मिळून ती गोष्ट गिळून टाकली होती, ती आता वर आली.

"साधं रेझर घ्या की बाजारातलं," ती म्हणाली. "सत्तरीत कसले हे नखरे?"

"तुम्हीच लाडावून ठेवलंय."

जपानातल्या या ओनो गावात वस्तरे घडवणारी घरं होती तोवर तिच्या दुकानात तीन खुर्च्या लागायच्या. आता नेमाने येणारं गिऱ्हाईक हे एकच उरलं होतं. ते सुटलं की दुकान उघडं असल्याची खूण म्हणून दारात फिरणारा लाल-पांढरा-निळा खांब सुरू ठेवायचा नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग आला की तोकुएचं काम फार नेटकं होतं.

वेताची मूठ असलेला, तिला काम शिकवणाऱ्या गुरूचा वस्तरा तिने खणातून काढला, पाहिला आणि परत ठेवला. तो नवशिक्याच्या हाती देणं म्हणजे त्याच्या नरड्याशी वैर. मग घडीचा एक निवडला. त्याच्या पात्याचा टोकदार कोपरा धारेच्या दगडावर घासून गोल केला, कारण शिकाऊ माणूस पहिल्यांदा कापतो तो कान, आणि तो त्या कोपऱ्यानेच. घासताना हात दोनदा थांबवावा लागला. पाठ फिरवून उभी असल्यामुळे ते दिसलं नसावं, असं तिने धरून चालवलं.

चामड्याचा पट्टा ठेवला. ब्रश, साबण, तुरटीचा खडा ठेवला.

"दगड?" कुरानिशीसाननी विचारलं.

"दगड नाही मिळायचा. आठ दिवसांत धारेचं वाटोळं कराल. धार गेली की इकडे आणा." शेवटी तिने गुलाबी फुग्यांचं एक पाकीट टाकलं.

"वाढदिवस कुणाचा?"

"फुगवा, फेस लावा आणि वस्तऱ्याने काढा. आम्ही असंच शिकलो. फुटला की गाल फाटला समजायचं. आणि एकही फुटला नाही तरच तोंडाला हात घाला."

वर एका कागदावर तिने आठ ओळी लिहून दिल्या: पातं किती आडवं धरायचं, कातडी कुठून ताणायची, हात कुठून न्यायचा. अक्षर वेडंवाकडं आलं. ते कागद घडी करून निघून गेले.

पुढच्या मंगळवारी तिने खांबाचं बटण दाबलंच नाही. खुर्चीवर कापड घालत होती, तेवढ्यात दार सरकलं. कुरानिशीसानच्या डाव्या गालावर तीन चिकटपट्ट्या होत्या आणि हनुवटीवर एक.

"फुगे फोडले असतील," ती म्हणाली.

"एकही नाही. अकराच्या अकरा चकचकीत. फुगे माझ्यावर खूश आहेत. तोंडाचं तेवढं जमत नाही."

तिने कागद मागून घेतला आणि वाचला. 'डाव्या हाताने कानाच्या वरून कातडी ताणा.' मग आरशापुढे उभी राहून वस्तरा मिटलेलाच स्वतःच्या गालाला लावून पाहिला. डावा हात वरून न्यावा तर डोळ्यांवर येत होता, खालून न्यावा तर पात्याच्या वाटेत. पंचेचाळीस वर्षांत तिने हजारो तोंडं भादरली, पण सगळी दुसऱ्यांची. कागदावरची प्रत्येक ओळ खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसासाठी होती. फुगाही समोरच असतो.

"चूक माझी," ती म्हणाली. "ही धोकटी न्हाव्याची झाली. तुमची नाही."

"एक जिन्नस राहिलाय त्यात, एवढंच." कुरानिशीसाननी कापड बाजूला केलं आणि खुर्चीत बसले. "तुमचा डावा हात बरा आहे ना?"

"उजवाच हलतो," तोकुए म्हणाली. " डॉक्टर म्हणतात, वाढणार."

"मग तो खिशात ठेवा. वस्तरा मी धरतो, कातडी तुम्ही ताणा. दर मंगळवारी, दहाला."

तिने फेस केला. फेसाला थरथर चालते. उजवा हात एप्रनच्या खिशात घातला, डावा त्यांच्या कानावरून गालावर ठेवला आणि कातडी ताणली. हात दगडासारखा स्थिर होता. कुरानिशीसाननी वस्तरा उघडला, गालापर्यंत आणला आणि थांबले.

"आता काय झालं?"

"आधी खांब सुरू करा. बंद दुकानात मी दाढी करत नाही."

ती दारापाशी गेली. बटण तिने उजव्या हातानेच दाबलं. तिसऱ्या खेपेला खांब फिरू लागला.