पदराला लावलेला सेंट

पारूबाईला अर्धशिशी विशीपासूनची. उदबत्ती असो, मोगरा असो की कुणाच्या अंगावरचा सेंट, वास नाकात गेला की डावं कानशील ठणकायला लागायचं आणि दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात जायचा. तरी त्या सकाळी तिनं शेजारच्या सगुणाबाईकडून सेंटची बाटली मागून आणली आणि तो सेंट मानेला, पदराला लावला.

वेल्ह्यात तिच्या पोरीचा, प्रांजलचा, सत्कार होता. वाडीतून तलाठी झालेली ती पहिलीच. स्टेजवर आईलाही बोलावणार होते. गेल्या महिन्यात बाजारात एक बाई पारूबाईच्या शेजारून नाकाला पदर लावून उठली होती. अंगाला घरच्या शेळ्यांचा वास. साहेबलोकांपुढं पोरीची मान खाली जायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

एसटीच्या काचा बंद होत्या. घाटाच्या दुसऱ्या वळणावरच डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुपारपर्यंत तरी दम निघू दे, ती मनात म्हणत राहिली.

सभागृहात पोचली तेव्हा तिला धड दिसत नव्हतं. प्रांजल पुढं आली, पाया पडायला वाकली आणि थबकली.

"आये, सेंट लावलास?"

"तू जाऊन बस. नाव घेत्याल."

एवढं बोलली आणि तिनं तोंडावर हात दाबला. प्रांजलनं दंड धरून तिला मागच्या नळावर नेलं. पारूबाई भडाभडा ओकली. पोरीनं तिची मान साबणानं चोळून धुतली, पदर पिळला. आत माईकवर प्रांजलचं नाव पुकारलं.

"जा की," पारूबाई म्हणाली. "माझ्या अंगाला शेळ्यांचा वास येतो, म्हणून लावला गं."

प्रांजल पदर झटकत राहिली. "माझ्या पुस्तकांनाबी येतो. क्लासमधल्या पोरी इचारायच्या. मी सांगायची, आमच्या शेळ्या हायेत."

पुन्हा नाव पुकारलं.

"चालवंल का?"

"डोळं मिटून येते."

दोघी तशाच स्टेजवर गेल्या, पारूबाई ओल्या पदरानं, डोळे मिटून. टाळ्यांचा प्रत्येक आवाज पारूबाईच्या कानशिलावर आदळत होता. साहेबांनी निशिगंधाचा गुच्छ तिच्यापुढं धरला, तो प्रांजलनं मधेच घेऊन लांब टेबलावर ठेवला.

"फोटू निघाला का?" पारूबाईनं विचारलं.

"निघाला."

"मग मला कुठं तरी निजव."