शपथेपुरती

माझ्यावर हात ठेवून माणसं खोटं बोलतात. पंचवीस वर्षं झाली, मी ते निमूट ऐकते आहे. आज मात्र मला बोलायचं आहे, आणि गोड बोलण्याची माझी तयारी नाही.

मी राज्यघटनेची एक प्रत. सरकारी छापखान्यात आम्ही दोनशे जणी एकाच आठवड्यात जन्मलो. बांधणी खात्यातली एक बाई आम्हाला शिवत होती. तिच्या बोटाला सुईची भोकं पडली होती आणि ती दर चार पानांमागे मुकादमाला शिव्या घालत होती. तरी शिवण मात्र तिने घट्ट घातली. माझं आजवर एक पान सुटलेलं नाही. अर्थात, पान सुटायला आधी कुणी उलटावं लागतं.

माझी एक बहीण शाळेत गेली, एक न्यायालयात. ऐकते की न्यायालयातलीचे कोपरे झिजले, पाठ मोडली, समासात पेन्सिलीच्या खुणा झाल्या. मला तिचा हेवा वाटतो. मी आले नगरसभेत. माझ्यासाठी सभागृहात काचेचं कपाट केलं, खाली मखमल अंथरली. दर पाच वर्षांनी नवा नगराध्यक्ष निवडून आला की मला बाहेर काढायचं, त्याने माझ्यावर उजवा हात ठेवायचा, चार ओळी म्हणायच्या, की मी परत आत. पाच हात मी पाहिले. एक घामट होता, एकाला अत्तराचा वास होता, एकाने तर शपथ म्हणता म्हणता माझ्या पुठ्ठ्यावर नखाने रेघ ओढली. आत काय लिहिलंय, हे पाचांपैकी एकानेही विचारलं नाही.

आत फार अवघड काही नाही हो. सगळी माणसं कायद्यापुढे सारखी. प्रत्येकाला बोलण्याचा, काम करून पोट भरण्याचा, दाद मागण्याचा हक्क. आणि राज्य चालवायचं ते तिघांनी: एकाने कायदा करायचा, दुसऱ्याने तो राबवायचा, तिसऱ्याने न्याय करायचा. सुरी, कलिंगड आणि वाटणी एकाच्याच हातात नको, एवढी साधी गोष्ट. घरातल्या बाईला ती कळते. आमच्या नगरसभेच्या मुख्याधिकाऱ्यांना कळत नव्हती.

नगरसभेच्या भिंतीला लागून एक किल्लीवाली बसायची. नवरा गेल्यावर त्याची टपरी तिने चालवायला घेतली. तिची नणंद तिच्याबरोबर असायची. दोघींचं पोट त्या टपरीवर होतं. मुख्याधिकाऱ्यांच्या गाडीला फाटकातून वळताना ती टपरी आडवी यायची, म्हणून त्यांनी स्वतःच तक्रार लिहिली, स्वतःच पाहणी केली आणि स्वतःच हुकूम काढला: तीन दिवसांत जागा रिकामी करावी. किल्लीवाली तीन दिवस त्यांच्या दाराशी खेटे घालत होती. पहिल्या दिवशी साहेब बैठकीत होते, दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ट्रक येणार होता. त्याच दिवशी सकाळी अकराला सहाव्या नगराध्यक्षांचा शपथविधी होता.

साडेनऊला हेडक्लार्क मला काढायला आले आणि किल्ली सापडेना. नोंदवहीत लिहिलं होतं: "किल्ली मोहोरबंद पाकिटात सुरक्षित ठेवली आहे." कुठे, ते लिहिलं नव्हतं. मला ठाऊक होतं. मागच्या शपथविधीनंतर हेडक्लार्कांनीच ते पाकीट, कुठे हरवू नये म्हणून, माझ्याच पानांत घातलं होतं आणि कपाटाचं दार लोटलं होतं. दार लोटलं की आपोआप बसणारं कुलूप ते. शिक्का, सही, तारीख, सगळं चोख झालं होतं. डोकं तेवढं वापरायचं राहिलं.

शिपायाने कपाट हलवलं, ठोकलं. शेवटी तो भिंतीबाहेर जाऊन किल्लीवालीलाच घेऊन आला. मागून हत्यारांची पेटी घेऊन नणंद आली, ती धुसफुसतच.

"ज्यांनी आपली टपरी उठवायला काढलीय, त्यांचं कुलूप उघडायला निघालात," ती म्हणत होती. "माझे हात झडले असते तरी मी नसतं उघडलं, वहिनी."

"कुलपाने काय घोडं मारलंय आपलं?" किल्लीवाली म्हणाली आणि गुडघ्यावर बसली.

हेडक्लार्कांनी घाई करायला सांगितलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वाकवलेली तार आत घालून, कान काचेला लावून ती हळूहळू फिरवत राहिली. खट् झालं. हेडक्लार्क मुख्याधिकाऱ्यांना कळवायला धावले, शिपाई खुर्च्या मांडायला गेला आणि पाच वर्षांनी मला हवा लागली.

माझ्यातून पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. ते काढायला तिने मला उघडलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'कपाटाची किल्ली'. नणंद हसायला लागली. हसता हसता तिने पेटीवर डोकं टेकलं. किल्लीवाली मात्र हसली नाही. तिची नजर पानावर गेली होती. ती ओळीखाली बोट धरून, पुटपुटत वाचू लागली. ते बोट काळं होतं, कानशीने खरबरीत झालेलं. मला आजवर इतकं स्वच्छ बोट लागलेलं नाही.

"कोणत्याही नागरिकाचे उपजीविकेचे साधन, त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज, हिरावून घेतले जाणार नाही. ज्याची तक्रार असेल, त्याने निवाडा करू नये."

तिने ते दोनदा वाचलं. मग कमरेला खोचलेली, टपरी उठवायची नोटीस काढली, उलटी केली आणि किल्लीचा आकार काढायच्या पेन्सिलीने ते उतरवायला घेतलं. तेवढ्यात हेडक्लार्क परतले.

"अहो बाई, ठेवा ते. ते शपथेचं पुस्तक आहे. वाचायचं नसतं."

"मग लिहिलंय कशाला?"

"बघायचं असेल तर रीतसर अर्ज करा."

"कुणाकडे करू?"

"मुख्याधिकाऱ्यांकडे."

"म्हणजे झालंच," नणंद म्हणाली. "मांजराकडे जायचं, दुधाची चौकशी करायला."

हेडक्लार्कांनी मला हिसकावलं. माझ्या त्या पानाला कोपऱ्यात चीर गेली. पण तोवर तिचं शेवटचं अक्षर लिहून झालं होतं. तिने कुलूप उघडल्याचे पैसेही मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

अकराला सहावा हात माझ्यावर आला. मऊ होता. "राज्यघटनेशी निष्ठा राखीन" असं म्हणून झालं, टाळ्या झाल्या. दाराशी उभी असलेली किल्लीवाली पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, ज्याच्यावर आत्ता हात ठेवलात, त्यातलं एक पान मी वाचलंय. तुम्हीही वाचा आणि मग चारला ट्रक पाठवा." नगराध्यक्ष हसले. कार्यक्रम संपू दे, मग बघू, म्हणाले. मुख्याधिकाऱ्यांनी डोळ्याने खूण केली. शिपायाने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

ती घरी गेली नाही. चालत न्यायालयात गेली.

मला कपाटात ठेवायला त्या दिवशी सगळे विसरले, त्यामुळे पुढचं सारं मी सभागृहाच्या उघड्या खिडकीतून ऐकलं. चारला ट्रक आला. सामान काढणारी माणसं उतरली. नणंद टपरीच्या स्टुलावर बसून होती. उठ म्हटलं तरी उठेना. सकाळी वहिनीला टाकून बोलणारी हीच बाई आता त्या माणसांना सांगत होती, "मला उचलायचं तर खुशाल उचला. पण आधी आमचं म्हणणं ऐका, असं लिहिलंय. आमच्या वहिनीने वाचून आणलंय. ती उगाच वाचत नाही." त्यातल्या एकाने विचारलं, कुठे लिहिलंय? ती म्हणाली, "तुझ्या साहेबाच्या कपाटात." माणसं हसली आणि ट्रकच्या सावलीत बसून राहिली.

पावणेपाचला न्यायालयाचा शिपाई कागद घेऊन आला. बाईचं म्हणणं ऐकल्याशिवाय टपरीला हात लावू नये, आणि ऐकणारा मुख्याधिकारी नसावा. न्यायाधीशांनी, शिपायाच्या बोलण्यातून कळलं, माझ्या बहिणीचं तेच पान उघडून नोटिशीच्या पाठीवरचा मजकूर ताडून पाहिला होता. एक कानाही चुकलेला नव्हता.

महिन्याने दुसऱ्याच अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. टपरी फाटकापासून दोन हात सरकवायची, उठवायची नाही, असं ठरलं. दोन हात. एवढ्यासाठी दोन बायकांना रस्त्यावर आणायला निघाले होते.

मुख्याधिकाऱ्यांचा राग टपरीवर निघाला नाही, तो माझ्यावर निघाला. पुस्तक तिच्या हाती दिलंच कुणी, म्हणून त्यांनी हेडक्लार्कांना सगळ्यांसमोर झापलं आणि मला तळघरातल्या दप्तरखान्यात धाडलं. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'परवानगीशिवाय कोणास दाखवू नये.' माझ्या जागी, काचेच्या कपाटात, सोनेरी अक्षरांची एक देखणी पेटी ठेवली आहे. आत काही नाही. पुढच्या शपथा तिच्यावर होतील. हात ठेवणाऱ्यांना फरक पडणार नाही.

इथे जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या आहेत, वाळवी आहे, ओल आहे. माझ्या फाटलेल्या कोपऱ्याला बुरशी धरली आहे. वर जिन्याशी अधूनमधून कुणीतरी मला विचारत येतं. परवा नळाच्या रांगेतल्या तिघीजणी आल्या होत्या. काल एक निवृत्त मास्तर. दप्तरी त्यांना वरूनच सांगतो, नाही मिळणार, आणि ती भली माणसं बरं म्हणून परत जातात. त्यांच्या त्या 'बरं'चा मला मुख्याधिकाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो.

म्हणून सांगते. माझ्यापुढे मान झुकवू नका. मला मखमल नको, सोनेरी अक्षरं नकोत, वर्षातून एकदा भाषण तर मुळीच नको. जिना उतरून या आणि मला मागा. नाही म्हणाले, तर बरं म्हणू नका. तो नकार लेखी मागा.